बिनवारस माणसाचे वारस

गेल्या पावसाळ्यात आम्ही सगळी चुलत भावंडं पवनानगरला घरी जमलो होतो. कारण होतं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. धरणात गेली ती जमीन गेली, पण वरच्या अंगाला थोडी उरली आहे. तिच्या सात-बारावर अजून मोठे आबा आणि आमचे आजोबा या दोन भावांचीच नावं आहेत. दोघंही कधीच गेले. आता वारसनोंद करायची होती.

दादा फुलस्केप कागदावर पेन्सिलीनं झाड काढत होता. वर पणजोबा. खाली दोन मुलगे. आजोबांच्या खाली फांद्याच फांद्या, अगदी आम्हा मुलींचीही नावं. मोठ्या आबांच्या खाली कोरी जागा. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मोठी आजीही त्यांच्याआधीच गेली होती.

"त्यांचं नाव घ्यायलाच पाहिजे का?" तात्यांनी विचारलं. "पुढं कोण नाय, उगं कागद कशापायी वाढवायचा?"

"सात-बारावर आहे म्हटल्यावर घ्यावंच लागतं," दादा म्हणाला. "पुढे 'निपुत्रिक मयत' लिहायचं. विषय संपला."

विषय संपला, हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. कारण विषय संपलेला नव्हता. मोठ्या आबांनी हयातीत त्या जमिनीतले तीन गुंठे एका कातकरी कुटुंबाला घर बांधायला दिले होते. तोंडी. कागद नाही, साक्षीदार आता हयात नाहीत. त्या घरात आज तिसरी पिढी राहते. आणि आमच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं आहे. पवनेच्या काठावर तंबू ठोकून शनिवार-रविवारचे पाहुणे ठेवायचा धंदा जोरात आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकाला जमीन मोकळी हवी आहे.

मूल नसलेल्या माणसामागे नक्की काय उरतं? आणि जे उरतं, ते कुणाचं? या प्रश्नापायी मी दुसऱ्याच, फार श्रीमंत घरांच्या वंशावळींत शिरले.

इंग्लंडात 'बॅरोनेट' नावाचा एक किताब आहे. राजा पहिला जेम्स यानं तो १६११ मध्ये सुरू केला, तोही पैशांसाठी. तीस सैनिकांचा तीन वर्षांचा खर्च म्हणून १,०९५ पौंड भरायचे आणि नावापुढे 'सर' लावायचं. साध्या 'सर'पेक्षा याचं वेगळेपण असं, की हा किताब बापाकडून मुलाकडे जातो. बहुतेक ठिकाणी फक्त मुलाकडे, आणि तोही रक्ताचा, औरस. दत्तक चालत नाही. पुरुष वारस उरला नाही की किताब नामशेष झाल्याची नोंद होते. म्हणूनच मूलबाळ नसलेला श्रीमंत बॅरोनेट वारला की तिकडे वंशावळी उकरायला सुरुवात व्हायची. पणजोबाच्या भावाचा नातू कुठे आहे का? तो औरस आहे का? माणूस कसा होता, हे कुणी विचारत नसे. झाडाची कुठली फांदी पुढे गेली, एवढाच प्रश्न.

हाच प्रश्न इंग्रजांनी आपल्याकडे राज्यं गिळायला वापरला. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे, म्हणजे आप्पासाहेब, वारले. त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीनं तो नामंजूर केला आणि राज्य खालसा केलं. म्हणजे एखाद्या घरात पाळणा हलला नाही, तर अख्खी गादी बिनवारस.

पुढे नऊच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याच इंग्रजांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय यांना बॅरोनेट केलं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. मग १८६० मध्ये एक कायदा झाला. जो कुणी हा किताब घेईल, त्यानं आपलं नाव टाकून 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव घ्यायचं. त्याप्रमाणे त्यांचे थोरले चिरंजीव करसेटजी हे दुसरे सर जमशेटजी झाले. किताब चालवायचा तर वारसानं स्वतःचं नाव सोडायचं. मला हे आधी विनोदी वाटलं. नंतर वाटलं, यात एक खरी गोष्ट आहे. वारस होणं म्हणजे नुसतं घेणं नाही. दुसऱ्याचं नाव अंगावर वागवणं आहे.

मुंबईतलंच दुसरं घर सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांचं. दानशूर म्हणून त्यांची ख्याती. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह त्यांच्याच देणगीतून उभा आहे. १८७२ मध्ये ते 'सर' झाले, १८७८ मध्ये वारले. त्यांचा वारस दत्तक होता, जहांगीर. या दत्तक वारसालाच १९०८ मध्ये बॅरोनेट केलं गेलं. जो किताब दत्तकाकडे जाऊ शकत नाही, तो मिळवणाऱ्या घराण्याच्या मुळाशीच दत्तक! काळा घोड्याची जहांगीर कलादालनाची इमारत याच घराच्या पुढच्या पिढीनं दिलेली. तिथे चित्रं बघताना कुणी रक्ताची चौकशी करतं का?

आणि मग आमच्या मावळाच्या अगदी जवळचं नाव, टाटा.

जमशेटजी टाटांना दोन मुलगे. थोरले दोराबजी १९१० मध्ये 'सर' झाले, धाकटे रतनजी १९१६ मध्ये. दोघंही बॅरोनेट नव्हते, त्यामुळे किताब त्यांच्याबरोबरच संपायचा होता. तसा तो संपलाही, कारण दोघांनाही अपत्य नव्हतं. १९१८ मध्ये रतनजी गेले. त्यांच्या पत्नी नवाजबाई यांनी पारशी अनाथाश्रमात वाढणारा नवल नावाचा मुलगा दत्तक घेतला. या नवल टाटांचे चिरंजीव म्हणजे आपण सगळे ओळखतो ते रतन टाटा. ते अविवाहित राहिले आणि २०२४ मध्ये गेले. मधल्या काळात धुरा वाहणारे जेआरडी, त्यांनाही मूल नव्हतं. तहसीलच्या कागदावर हे झाड काढलं तर जिकडे तिकडे 'निपुत्रिक मयत' लिहावं लागेल. तरी विषय संपला असं कोण म्हणेल?

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. जाण्याआधी त्यांनी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता विश्वस्त निधीला देऊन टाकली. त्यातून १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, तीच आजची टिस. १९४१ मध्ये परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं. आमच्या भागात कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिला शब्द निघतो 'टाटा'. तिथे केसपेपर काढणारा माणूस एका अर्थानं दोराबजींचा वारसच.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. रक्त नसलं तरी काम उरतं, असं म्हणून इथेच थांबता येईल. पण मी मावळातली आहे, मला इथे थांबता येत नाही.

लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन तळी आपण रीलमध्ये पाहतो. ती टाटांच्या जलविद्युत योजनेची आहेत. कल्पना जमशेटजींची, पण ती प्रत्यक्षात आली ती ते गेल्यावर, दोराबजींच्या काळात. घाटमाथ्यावर पाऊस अडवायचा, नळांतून खाली खोपोलीला सोडायचा आणि त्या धारेवर वीज करायची. १९१५ पासून ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. शेजारच्या मुळशीत पुढचं धरण आलं, तेव्हा शेतकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिला. १९२१ ते १९२४ सत्याग्रह चालला. सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली.

मग त्या बुडालेल्या गावातल्या माणसाचा नातू दोराबजींचा कोण? रुग्ण जर त्यांचा वारस, तर हा कोण? माझ्या मते हाही त्याच झाडावर आहे. फक्त येणं असलेल्या बाजूला. माणूस मागे ठेवतो ते दोन खात्यांत असतं, दिलेलं आणि द्यायचं राहिलेलं. पहिल्या खात्यावर पाटी लागते, दुसऱ्यावर पाणी चढतं. वंशावळ पुरी करायची तर दोन्ही लिहायला हवीत. यानं दोराबजी लहान होत नाहीत. उलट खऱ्या माणसाएवढे होतात.

कायद्यालाही हे थोडंफार कळतं. पूर्वी हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानत. २००५ च्या दुरुस्तीनं ते बंधन पुढच्या कर्जांपुरतं काढून टाकलं. ठीकच झालं, जन्माला येणं हा काही गुन्हा नाही. पण मालमत्ता घेतली, तर जेवढी घेतली तेवढ्यापुरतं देणंही येतं, हे तत्त्व कायम आहे. हिंदू वारसा कायद्यात शेवटी एक कलम आहे. ज्याला कुणीच वारस नाही, त्याची मालमत्ता सरकारकडे जाते. आणि तीही वारसावर जी बंधनं आली असती त्या सगळ्यांसकट. म्हणजे मोठ्या आबांना आम्ही कुणीच नसतो, तर सरकारलासुद्धा नुसती जमीन घेता आली नसती.

परंपरेलाही कळतं. मुलगा नसेल तर पाणी कोण देणार, अशी भीती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घातली गेली. मोठी आजी त्या भीतीनं किती उपास करायची, हे आई सांगते. पण त्याच परंपरेत भीष्म आहे. आजन्म ब्रह्मचारी, मूल नाही. माघ शुद्ध अष्टमीला त्याला तर्पण करतात, आणि ते कुणीही करावं असं सांगितलं आहे. ज्याचं कुणी नाही, त्याला सगळ्यांनी पाणी द्यायचं.

हे सगळं मी घरी बोलून दाखवलं. तात्या शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी जे विचारलं, त्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

"आपली बागायती जमीन धरणात गेली. बदल्यात जमीन देतो म्हणाले. किती वर्षं झाली? आपल्याला कुणी दिलं, म्हणून आपण तीन गुंठे सोडायचे? आणि आबा बोलले असतील, पण कागद कुठाय?"

तात्या लोभी नाहीत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पवनेचं पाणी अडलं, तेव्हा ते कळत्या वयाचे होते. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं अजून पर्यायी जमिनीची वाट पाहतात. त्यांच्या उरलेल्या जमिनीला आज पहिल्यांदा भाव आला आहे. तो नाकारायला सांगणारी मी, पुण्यात नोकरी करणारी. मला सोपं आहे, हे मलाही कळतं.

रात्रभर मी त्यांच्या प्रश्नावर विचार केला आणि उत्तर त्यांच्याच बोलण्यात सापडलं.

धरणग्रस्त म्हणून आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो? साहेब बदलले, मंत्री बदलले, ज्यांनी शब्द दिला ते कधीच निवृत्त झाले, काही वारले. नवा साहेब म्हणतो, "तो आधीच्यांचा निर्णय, माझ्यासमोर कागद नाही." त्यावर आपलं म्हणणं एकच असतं. माणूस गेला तरी खुर्ची तीच आहे. खुर्चीबरोबर अधिकार घेतलात, तर शब्दही घ्या. आपली सगळी मागणी या एका वाक्यावर उभी आहे.

मग त्या कातकरी घरासमोर आपण कोण आहोत? त्यांच्यासाठी आपणच ते नवे साहेब. मोठ्या आबांच्या हिश्शावर सही करताना आपण वारस, आणि त्यांच्या शब्दाची वेळ आली की ते 'निपुत्रिक मयत'? सरकारनं आपल्याशी केलं ते चूक असेल, तर आपण त्यांच्याशी करू ते बरोबर कसं होईल? आपल्यावर अन्याय झाला, यामुळे आपलं देणं माफ होत नाही. उलट तो अन्याय ओळखायची नजर आपल्याकडे जास्त असायला हवी.

सकाळी हे तात्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर उठले आणि बाहेर आंब्याखाली जाऊन बसले. तो आंबा मोठ्या आबांनी लावलेला. त्याचे आंबे खात आम्ही सगळी वाढलो आणि त्यावर कधी कुणी वारसाचा दाखला मागितला नाही.

प्रतिज्ञापत्र झालं. मोठ्या आबांच्या नावाखालची जागा कोरीच राहिली, नमुन्यात दुसरं काही लिहिता येत नाही. पण जमीन विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि वंशावळीत आता मुलींचीही नावं आहेत. तीन गुंठे वेगळे काढून त्या कुटुंबाच्या नावे करायचे, त्यासाठी वकिलाला विचारायचं, असं मी सुचवलं आहे. दादाला पटलंय. तात्या अजून 'बघू' म्हणतात.

माझी सही बाकी आहे. तीन गुंठ्यांचा कागद झाला की करीन.