प्रसादाला दाखला

त्र्यंबकेश्वरला जून २०२४ मध्ये ‘प्रसाद शुद्धी’ची चळवळ सुरू झाली आणि हिंदू विक्रेत्यांना ‘ओम’ प्रमाणपत्रं वाटली गेली. पुढच्या मार्चमध्ये झटका मटण विकणाऱ्या हिंदू दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आलं. त्याच्या थोडं आधी आमच्या जिल्ह्यात मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. मुसलमान भाविक ज्यांना शाह रमझान म्हणत आले, त्याच कानिफनाथांची ही यात्रा. विकणाऱ्याचा धर्म पाहून प्रसादाची शुद्धता ठरवणं हा मला प्रसादाचाच अपमान वाटतो.

अन्न पवित्र कशाने होतं, हा वाद जुना आहे आणि सगळीकडचा आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं का, हे पौलाला करिंथकरांना पत्र लिहून समजवावं लागलं. अन्नावर फातिहा देण्यावरून बरेलवी आणि देवबंदी आजही भांडतात. गीतेने यज्ञातून उरलेलं खाणारे आणि फक्त स्वतःपुरतं शिजवणारे असा भेद केला. त्या श्लोकाचं निरूपण करताना नेवाशाला ज्ञानदेवांनी बजावलं की अन्नाला साधं समजू नये, ते ब्रह्मरूप आहे. मग मंत्राने त्यात वरून काय घालायचं?

पण याच वादातली पैठणच्या संत एकनाथांची गोष्ट आपण सरसकट चुकीची वाचतो. ती आपल्यापर्यंत पोचवली राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी, अठराव्या शतकात. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. रस्त्याने जाणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्याचा वास आला आणि असं अन्न आपल्याला कुठलं मिळायला, असं ती बोलून गेली. नाथांनी ते ऐकलं आणि सगळा स्वयंपाक त्यांना वाढला. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा खुद्द पितर पानावर येऊन बसले. कीर्तनात रंग भरतो तो इथे, पितर उतरतात तेव्हा. सुधारक सांगतात ती नाथांची दया.

मधला एक तपशील मात्र कीर्तनकार आणि सुधारक, दोघांच्याही हातून निसटतो. ब्राह्मणांसाठी नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी घर सारवून नव्याने स्वयंपाक केला होता. पहिल्या स्वयंपाकातलं शीतही त्यांच्या पानात पडणार नव्हतं. म्हणजे विटाळ अन्नाला झालेलाच नव्हता. राग होता तो आमच्या आधी त्यांना का वाढलं याचा. सोवळ्याच्या नावाखाली भांडण पंगतीतल्या मानाचं होतं. नाथांचं मोठेपण मला चमत्कारापेक्षा त्या आधीच्या क्षणात दिसतं. कुठलाही संकल्प सोडण्याआधी, ब्राह्मणांच्या मुखात घास जाण्याआधी, भुकेल्याला वाढलं की पितरांना पोचलं असं त्यांनी धरून टाकलं. पवित्रपण त्यांनी शिजवणाऱ्याच्या हातातून आणि मंत्र म्हणणाऱ्याच्या तोंडातून काढून वाढण्यात आणून ठेवलं.

आमच्या मिरजगावाकडे हा विचार कुणी पुस्तकातून शिकवत नाही, तो सप्ताहात घडतो. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला गावोगावहून ट्रॅक्टर भरून भाकरी येतात. एखादी करपलेली, एखादी जाडसर, एखादी कडेला चिरलेली, कुठे बाजरीची, कुठे ज्वारीची. सगळ्यांची एकच थप्पी लागते आणि कढईतल्या आमटीबरोबर पंगतीत वाढली जाते. आपल्या पानातली भाकरी कोणत्या चुलीवरची, हे कुणालाच सांगता येत नाही. ते कळू नये म्हणूनच तर ती थप्पी आहे. तिच्यातली कोणती भाकरी ‘शुद्ध’, याचा दाखला द्यायचा तर आधी थप्पी मोडून प्रत्येकीचं घर शोधावं लागेल, आणि तसं केलं की तिथे प्रसाद उरत नाही.

पेढ्यात भेसळ असेल तर ती पकडलीच पाहिजे. त्यासाठी अन्न व औषध प्रशासन आहे. तिथे नमुना तपासतात, आडनाव नाही. त्र्यंबकेश्वरला खरोखर भेसळीची काळजी असेल, तर हिंदूच्या दुकानातला पेढाही त्याच प्रयोगशाळेत गेला पाहिजे, ‘ओम’चं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असलं तरी.