कारण कोणाला मिळतं?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. तिथे एकाच सत्रात घडलेल्या दोन गोष्टी सांगतो. नववीतल्या एका मुलानं सहलीसाठी जमा केलेले पैसे वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणातून काढले. मुलगा बागायतदाराचा, वडील गावच्या सोसायटीचे संचालक. दुसऱ्याच दिवशी सगळं उघड झालं. शिक्षकांच्या खोलीत बोलणं निघालं ते असं: वयच अडनिडं आहे, संगत बरी लागलेली नाही, वडिलांना राजकारणातून घराकडे बघायला सवड नाही. वडिलांना बोलावलं, चहा झाला, पैसे परत आले, विषय मिटला.

महिनाभरानं सातवीतल्या एका मुलानं वर्गमित्राची कंपासपेटी घेतली. हा मुलगा गायरानावर पालं टाकून राहणाऱ्या फासेपारध्यांचा. पेटी त्याच्या पिशवीत सापडली, त्यानं कबूलही केलं. या वेळी वय, संगत, घर यांतलं काहीच निघालं नाही. ‘जातीवर गेला’ एवढंच कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांत एक गुरुजी असे होते की जे दरवर्षी गरीब मुलांची परीक्षा फी स्वतःच्या खिशातून भरत. मनानं वाईट असं त्या खोलीत कोणी नव्हतं. आठवड्याभरात त्या मुलाचं शाळेत येणं थांबलं.

निर्दोष माणसावर आलेल्या आळाची गोष्ट मी सांगितली नाही, ती जाणूनबुजून. पूर्वग्रहाबद्दल बोलायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा तसली गोष्ट शोधतो: चोरी दुसऱ्याचीच निघते, सगळ्यांना पश्चात्ताप होतो. तिच्यात अन्याय ओळखायला माणूस निर्दोष असावा लागतो. इथे दोन्ही मुलांनी वस्तू घेतली होती. फरक होता तो आम्ही दिलेल्या स्पष्टीकरणात. एकाच्या कृत्यामागे आम्ही कारणं शोधली, दुसऱ्याच्या कृत्यामागे त्याचं रक्त शोधलं. माझ्या मते समूहांबद्दलच्या ठरीव समजुतींचं खरं घर इथे आहे. तिथे द्वेष सापडेलच असं नाही. आपल्या माणसाला परिस्थिती देऊ करायची आणि परक्याला स्वभाव चिकटवायचा, ही सवय मात्र सापडते.

या सवयीचा एक जुना अभ्यास आपल्याच देशात झालेला आहे. डोनाल्ड टेलर आणि वैष्णा जग्गी या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या काही हिंदू कारकुनांसमोर छोटे प्रसंग ठेवले. दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो किंवा उदारपणे वागवतो, कोणी जखमी माणसाला मदत करतो किंवा तसाच पुढे जातो, कोणी पावसात अडकलेल्याला आसरा देतो किंवा देत नाही. प्रसंगातला माणूस कधी हिंदू, कधी मुसलमान. मग विचारलं, तो असा का वागला असेल? आपल्या धर्माच्या माणसाचं चांगलं वागणं उत्तरांमध्ये त्याच्या स्वभावातून आलं आणि वाईट वागणं परिस्थितीतून. दुसऱ्या धर्माच्या माणसाबाबत पारडं उलटं झुकलं. हा अभ्यास 1974 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1979 मध्ये थॉमस पेटिग्र्यू यांनी अशा निष्कर्षांना एका सूत्रात बांधलं. मी तो अभ्यास वाचला तेव्हा शाळेतली ती खोली डोळ्यांपुढे आली. कारकुनांच्या जागी शिक्षक होते आणि धर्माच्या जागी जात.

आमच्या खोलीत जे सहज बोललं गेलं ते एके काळी या देशात कायदा म्हणून छापलं गेलं होतं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, 1911 च्या सुधारित कायद्यानं देशभर पसरला आणि 1924 मध्ये पुन्हा नव्यानं बांधला गेला. एखादी जमात सरकारनं ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंद व्हायची, पोलिसांपुढे ठरलेल्या वेळी हजेरी लागायची, गाव सोडायला परवाना लागायचा. माणसानं काही केलं होतं की नाही, हा प्रश्न नोंदीच्या वेळी उद्भवतच नव्हता. 1911 च्या कायद्यानं तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचीही मुभा दिली. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. कुंपणाआडच्या माणसांनी गिरण्यांतून काम केलं. शहराचा तो भाग आजही सेटलमेंट याच नावानं ओळखला जातो. रिक्षावाल्याला एवढं नाव सांगितलं तरी पुरतं.

कारणं शोधायचीच असती तर ती डोंगराएवढी होती. लमाणांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पारध्यांचं पोट फाशांवर, तितर-लाव्यांवर आणि हरणांवर चालायचं. 1878 च्या वन कायद्यानं जंगल सरकारी झालं, आणि स्वातंत्र्यानंतर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली. वन्य प्राणी वाचले पाहिजेत याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ज्याचं साधन गेलं त्याच्या हातात दुसरं काय दिलं, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. उपासमार झाली, काहींनी पिकांवर हात टाकला, आणि लिहिताना मात्र लिहिलं गेलं: चोरी हा यांचा वंशपरंपरागत धंदा.

31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. या जमाती विमुक्त झाल्या, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र सराईत गुन्हेगारांची नोंद ठेवणारे कायदे राज्याराज्यांत झाले. कागदावर ते व्यक्तीला लागू होते. कोणाच्या दारात ते आधी पोचले हे पालांवर राहणाऱ्या कोणालाही विचारावं.

आता एक गोष्ट मला आग्रहानं म्हणायची आहे, कारण या विषयावर लिहिणारे पुष्कळ जण तिथे घसरतात. समूहाची ओळख हीच मुळात रोग आहे, माणसानं केवळ माणूस व्हावं, असं म्हणणं फार सोपं आहे. हेन्री ताजफेल यांच्या प्रयोगांचा दाखला त्यासाठी नेहमी दिला जातो. ताजफेल पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या कैदेत पडले म्हणून वाचले. परतले तेव्हा घरचे जवळजवळ सगळे मारले गेलेले होते. पुढे त्यांनी ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांच्या आवडीवरून गट पाडले. गटातली माणसं कोण हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि पुष्कळदा आपल्या गटाचा एकूण फायदा कमी झाला तरी चालेल पण दुसऱ्यांपेक्षा जास्त मिळावं अशी वाटणी निवडली. प्रयोग खरा आहे आणि अस्वस्थ करणारा आहे. पण त्यावरून ‘गट नकोतच’ असा निष्कर्ष काढणाऱ्यानं एकदा पालावर जाऊन यावं. जिथे रात्री-अपरात्री घरातला कर्ता पुरुष उचलून नेला जातो, तिथे त्याच्या पोरांना भाकरी देणारी माणसं भावकीतलीच असतात. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही आत्मकथनं आली, दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यांतून ‘आम्ही’ हा शब्द पहिल्यांदा भटक्या-विमुक्तांच्या बाजूनं बोलला गेला. त्या ‘आम्ही’ला मी रोग म्हणणार नाही. दुसऱ्यानं कपाळावर डागलेली ओळख आणि आपण होऊन उचललेली ओळख यांत फार मोठं अंतर आहे.

ठरीव समजूत किती दूर नेऊ शकते याचं एक उदाहरण नाशिकचं आहे. 2003 साली तिथे एका कुटुंबावर दरोडा पडला. खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातींतले सहा जण पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी, मार्च 2019 मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयानं फेरविचार करून सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. तपासात एक गोष्ट पहिल्यापासून होती: वाचलेल्या साक्षीदारानं पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. त्यांचा माग काढला गेला नाही. सहा माणसांची सोळा वर्षं गेली, आणि त्या कुटुंबाला अजून न्याय मिळालेला नाही. याकडे फारसं कोणी बघत नाही. चुकीच्या माणसाकडे बोट गेलं की खरा गुन्हेगार मोकळा राहतो. गावाच्या सुरक्षिततेसाठी म्हणून जी समजूत बाळगली जाते, ती गावाला सुरक्षित ठेवत नाही.

साक्षीदाराचे डोळे जे बघतात ते सगळ्या वाटेनं तसंच टिकत नाही, हे गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी 1947 मध्ये दाखवलं होतं. रेल्वेच्या डब्याचं एक चित्र, त्यात वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातात. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला वर्णन करत जायचं. अर्ध्याहून जास्त गटांत कुठे ना कुठे तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. प्रयोगाबाहेरही हेच घडतं. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. जमावानं त्या पाचही जणांना ठार मारलं. अफवेला चेहरा नव्हता. बाजारात अनोळखी, भटकी, पोटासाठी फिरणारी माणसं दिसली आणि वस्तरा त्यांच्या हातात गेला.

उलटा पुरावा समोर आला तरी समजूत का मोडत नाही, याचं उत्तरही ऑलपोर्ट यांच्या 1954 च्या पुस्तकात आहे. अपवादाला माणूस कुंपणाबाहेर काढतो आणि कुंपण पुन्हा घट्ट करतो. पारध्यांच्या एका मुलीला दहावीला चांगले गुण पडले तेव्हा एका पालकानं तिला मनापासून शाबासकी दिली, आणि वर म्हणाले, ‘‘पोरी, तू त्यांच्यातली वाटतच नाहीस बघ.’’ ती हसली नाही. रामोशांचं तर आणखी जुनं आहे. गावची रात्रीची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. घरं, खळी, खजिने त्यांच्या भरवशावर. तेच रामोशी पुढे विमुक्त जातींच्या यादीत आले. पहारेकरी आणि चोर अशा दोन्ही समजुती एकाच समाजाबद्दल, एकाच गावात, एकाच वेळी नांदू शकल्या.

समजूत बाहेरून लादली जाते आणि आतही उतरते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या मुलांना कागदावरची कोडी, चक्रव्यूहातून वाट काढायची, सोडवायला दिली. जात जाहीर झाली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर जात पुकारल्यावर खालच्या मानलेल्या मुलांची कामगिरी घसरली. 2006 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवशी भर वर्गात ‘बीसीची मुलं उभी राहा’ म्हणणं किती शाळांत चालतं! ती शिष्यवृत्ती हवीच, पण ती द्यायला मुलाला उभं करण्याची गरज नसते. अर्ज ऑफिसात बोलावूनही भरता येतो.

सहवासानं हे सुटेल असं पुष्कळांना वाटतं. ऑलपोर्ट यांनीच घातलेल्या अटी मात्र विसरल्या जातात: दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, काम दोघांचं मिळून हवं आणि वरच्या संस्थेची त्याला साथ हवी. पारधी आणि गाव यांचा सहवास पिढ्यांचा आहे. बरोबरीचा तो कधीच नव्हता. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातीवर आधारलेल्या कामवाटपाला घटनाबाह्य ठरवलं आणि विमुक्त जमातींतल्या माणसांना मनमानीनं अटक होऊ नये असं बजावलं. वरची साथ म्हणतात ती ही. ती ठाण्याच्या दारापर्यंत पोचवायचं काम उरतंच.

आमच्या शाळेत नंतर आलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी एक पद्धत घातली. मुलाबद्दल कसलीही तक्रार आली, उशिरा येण्याची असो की वस्तू घेण्याची, तर बोलण्याआधी एका शिक्षकानं घरी जाऊन यायचं. घर बंगल्यात असो की पालात. मीही जायचो. सतत उशिरा येणाऱ्या एका पारध्याच्या मुलाच्या पालावर गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, ‘‘गुरुजी, रात्री पोलीस आलते, समदी ज्वारीत निजलो.’’ तालुक्यात कुठेतरी चोरी झाली होती. बाईंनी मुलाची उशिराची शिक्षा रद्द केली, आणि वडील अमुक वीटभट्टीवर रोज कामाला जातात, मुलं नियमित शाळेत येतात, असं शाळेच्या लेटरहेडवर लिहून ते पत्र वडिलांबरोबर स्वतः ठाण्यात नेऊन दिलं. पत्राचा उपयोग कधी झाला, कधी झाला नाही. पुढच्या चोरीला त्यांना पुन्हा नेलंच. त्या वेळी बाई दुसरं पत्र घेऊन गेल्या आणि संध्याकाळपर्यंत ठाण्यातच बसून राहिल्या, ते सुटून येईपर्यंत.