रूकहोपचा ग्रॅनाइट

उत्तर इंग्लंडच्या वीअरडेल खोऱ्यातल्या जांभळ्या फ्लोराइटची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की आत पाण्याचे इवलेसे थेंब दिसतात आणि थेंबात बुडबुडा. चकती हळूहळू तापवली की एका क्षणी बुडबुडा विरतो. ते पाणी कैद झालं तेव्हा निदान किती तापलेलं होतं, ते यावरून कळतं. उकळत्या पाण्याहून गरम, समुद्राहून कितीतरी खारट! त्या खारटपणाच्या बळावर ते शिसं विरघळवून आणायचं. भेगेत निवलं की शिसं गंधकाशी जुळून भिंतींवर गॅलेना होऊन बसायचं. मऊ शेलमध्ये भेग मिटते, कडक चुनखडकात उघडी राहते. म्हणून इथल्या खाणकामगारांच्या पिढ्या चुनखडकावर पोसल्या.

पण हे पाणी तापवलं कुणी? भूवैज्ञानिक किंग्जली डनम यांनी खनिजांच्या शिरा नकाशावर मांडल्या, तर मधोमध जास्त गरम पाण्यातून बसणारा फ्लोराइट आणि कडेला निवत्या पाण्यातून बसणारं बराइट हे खनिज. मधल्या भागाखाली काहीतरी तप्त असणार. खाली ग्रॅनाइट दडला आहे आणि हे द्रव त्याच्याच तप्त रसातून आले, असं त्यांनी १९३४च्या सुमारास मांडलं. १९५७मध्ये मार्टिन बॉट आणि सहकाऱ्याच्या गुरुत्वमापनातही खाली ग्रॅनाइटसारखा हलका खडक असल्याची खूण मिळाली.

१९६०मध्ये वीअरडेलमधल्याच रूकहोपला बोअर घेतली. सुमारे ३९० मीटरवर ग्रॅनाइट लागला! पाव शतकाचा अंदाज खरा ठरला होता. पण बोअरमधून वर आलेल्या खडकाच्या नमुन्यात त्या ग्रॅनाइटचा माथा उन्हापावसात झिजलेला होता, आणि त्यावर बसलेले थर जराही भाजलेले नव्हते. म्हणजे चुनखडक तयार होण्याच्या कितीतरी आधीच ग्रॅनाइट थंड होऊन उघडा पडला होता. त्याच्या रसातून या शिरा येणं शक्यच नव्हतं.

मला यापुढची गोष्ट फार मोठी वाटते. ग्रॅनाइट सापडला, एवढंच मिरवता आलं असतं. पण १९६५च्या निबंधात डनम आणि सहकाऱ्यांनी तो वरच्या थरांहून जुना असल्याचं स्पष्ट लिहिलं. मग प्रश्न नव्याने विचारला गेला. थंड झालेल्या ग्रॅनाइटलाही आतल्या किरणोत्सर्गाची मंद ऊब असते. खोलवरचं खारं पाणी त्या उबेने भेगांतून फिरत राहतं, आणि शिरा त्यातूनच आल्या असाव्यात.

२००४ साली जवळच्याच ईस्टगेटला त्याच ग्रॅनाइटमध्ये जवळपास १ किलोमीटर खोल बोअर घेतली. खारट पाणी लागलं. आणि तळाशी तापमान होतं ४६ अंश.