नावाच्या पोटातली गोष्ट

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव म्हटलं की कोसा आठवतो. हातमागावरचं कोसा कापड, कोष्ट्यांची घरं, आणि त्या धाग्यासाठी रानात ऐनाच्या, अर्जुनाच्या झाडांवर पोसल्या जाणाऱ्या अळ्या. अशा गावात मुलाचं नाव अर्जुन ठेवलं की ते धनुर्धराचं असतं तसंच झाडाचंही असतं. मोबाइलवरच्या नावांच्या यादीत मात्र त्याच्यापुढं ‘शुभ्र, तेजस्वी’ एवढंच लिहिलेलं सापडेल. ते चुकीचं नाही. पण नारदाच्या शापानं अर्जुनवृक्ष होऊन बसलेले कुबेराचे दोन मुलगे, आणि कमरेला बांधलेलं उखळ त्या जोडझाडांमधून ओढत नेऊन त्यांना मोकळं करणारा बाळकृष्ण, हे त्या दोन शब्दांत कुठून मावणार?

हल्ली बारशाच्या आधी आईबाप ‘अर्थ’ शोधतात. कुणी परदेशी मालिकेतलं किंवा अद्भुत कादंबरीतलं नाव सुचवलं, की घरातली वडीलधारी माणसं विचारतात, हे कसलं नाव, याला काही अर्थ आहे का? मला ही तक्रार पटत नाही. आपली कितीतरी आवडती नावं अद्भुतातूनच आलेली आहेत, आणि ती टिकली ती पोटातल्या गोष्टीमुळं.

विदर्भाचंच बघा. लोपामुद्रा ही विदर्भाच्या राजाकडं वाढलेली मुलगी. अगस्त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे सुंदर अंश एकत्र करून तिला घडवलं, अशी कथा आहे. आणि दमयंती! यादीत तिच्यापुढं ‘दमन करणारी’ असं असतं. महाभारत सांगतं ते वेगळंच: मूल नसलेल्या विदर्भाच्या भीमराजाला दमन ऋषींच्या वरानं एक मुलगी आणि तीन मुलगे झाले, त्यांची नावं दमयंती, दम, दान्त आणि दमन. म्हणजे या नावाच्या मुळाशी आईबापांची कृतज्ञता आहे. पुढं तिचं मन नलावर जडतं, आणि स्वयंवरात तिच्यासमोर पाच नल उभे राहतात, त्यांतले चार त्याचं रूप घेतलेले देव. ही मुलगी घाबरत नाही, नीट बघते. चौघांना घाम नाही, पापण्या लवत नाहीत, गळ्यातल्या माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, सावली पडत नाही. पाचव्याच्या अंगावर धूळ आहे, माळ सुकली आहे, सावली पडली आहे. ती त्या माणसाला माळ घालते. देव सोडून घामेजलेला माणूस निवडणाऱ्या मुलीचं हे नाव आहे. नातीला ते देताना कुणी इतकं सांगितलं, तर ते नाव तिला जुनाट वाटायचं नाही.

मराठीतल्या अद्भुत कादंबरीची सुरुवातसुद्धा अशाच नावांनी झाली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची, ‘रत्नप्रभा’ 1866 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. मुक्ता आणि रत्नप्रभा आजही घरच्या वाटतात. मंजुघोषा क्वचितच भेटते.

परदेशी अद्भुतकथांकडंही परकेपणानं बघायचं कारण नाही. टॉल्किन भाषांचा अभ्यासक होता. गँडाल्फ हे नाव त्यानं जुन्या नॉर्स काव्यातून उचललं. अर्वेन हे नाव त्यानं स्वतः रचलेल्या भाषेत बसवलं, अर्थ थोर कुमारी. अर्थानं ती आपल्या आर्याच्या किती जवळ आहे!

पण नावामागची सर्वांत धाडसी कल्पना मला आपल्या खेड्यांतल्या जुन्या नावांत दिसते. उकंडा, कचरू, दगडू, धोंडू. मुलं जगत नसत त्या घरातल्या आईनं मृत्यूला चकवायला रचलेली ही गोष्ट होती: इथं मूल नाहीच, दगड आहे, केरकचरा आहे, तू पुढं जा. कोशात बघाल तर शब्द ओंगळ, गोष्ट मात्र निखळ मायेची. याच्या शेजारी ‘नकोशी’ ठेवून बघा. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये 285 मुलींची ही असली नावं समारंभानं बदलली गेली. दोन्हीकडं वरवर नकारच आहे. पण उकंडा म्हणणाऱ्या आईला ते मूल हवं होतं, आणि नकोशी म्हणणाऱ्या घराला ती मुलगी खरोखरच नको होती. हा फरक शब्दार्थांच्या यादीत कधीच कळणार नाही.

म्हणून गोड अक्षरं जुळवून केलेलं आणि वरून संस्कृत अर्थ चिकटवलेलं नाव मला पोकळ वाटतं. नाव परक्या गोष्टीतून आलं तरी चालेल, पण गोष्ट पुरी माहीत असावी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ गाजत असताना अमेरिकेत अनेकांनी मुलींची नावं खलीसी ठेवली. मुळात ती मालिकेतल्या डेनेरिसची पदवी, टोळीप्रमुखाच्या राणीची. गुलामांना सोडवणारी म्हणून ती आवडली होती. 2019 साली मालिका संपताना तिनंच शरण आलेलं शहर जाळलं. त्यांतल्या थोरल्या मुली तोवर शाळेत जायला लागल्या होत्या. दमयंतीची गोष्ट मात्र शेवटापर्यंत ठाऊक असते: कर्कोटक नागानं डसून कुरूप केलेल्या नलाला ती त्याच्या हातच्या स्वयंपाकाच्या चवीवरून ओळखते. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मग घुगऱ्या वाटल्या जातात. हात घुगऱ्यांत असतात, बाया निवांत बसलेल्या असतात. तेवढ्या वेळात ही गोष्ट सांगून होते.