अदृश्याचा जमाखर्च

रणांगणात शत्रूला न दिसता त्याच्यावर प्रहार करणे धर्म्य की अधर्म्य, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना असून, मरणोन्मुख वालीने तो रामाला विचारला तेव्हापासून आमच्या भाष्यकारांनी, कीर्तनकारांनी आणि शाळामास्तरांनीही त्याची उत्तरे देण्यात काही कसूर ठेवलेली नाही. परंतु मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने रडारला सहसा न दिसणाऱ्या स्वदेशी लढाऊ विमानाच्या, म्हणजे ‘ॲम्का’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या विमानाच्या, आराखड्यास व पाच आद्यनमुन्यांस सुमारे १५,००० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तेव्हा त्या जुन्या प्रश्नाला एक असा पोटप्रश्न येऊन चिकटला की ज्याचा विचार करण्याचे वालीला काही कारण पडले नव्हते. रामाचा बाण रामाच्या भात्यातला होता, झाड किष्किंधेच्या अरण्यातले होते, आणि त्या झाडाच्या आडोशापायी अयोध्येच्या रयतेवर एका पैचाही कर बसला नव्हता. आजचा आडोसा विकत घ्यावा लागतो, आणि तो बाणापेक्षा महाग पडतो.

या विमानाला अदृश्य म्हणण्याची चाल पडली असली तरी ते अदृश्य होत नाही. ते उशिरा दिसते. बोरीवलीच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत ज्यांची बिऱ्हाडे आहेत त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही, कारण बिबट्या आवारात येऊन गेल्याचे त्यांना पुष्कळदा सकाळी कॅमेऱ्यातील चित्रावरून कळते, आणि तो रात्री कोठे नाहीसा झालेला नसून आपल्या ठिपक्यांनी व अंधाराने त्याने माणसाच्या नजरेला केवळ थोडा विलंब लावलेला असतो, हे त्यांना पुरते ठाऊक असते. विमानाचेही तसेच आहे. रडारचा तरंग आला त्या दिशेने परत जाऊ नये म्हणून पृष्ठभागांचे कोन ठरवावयाचे, उरलासुरला तरंग शोषून घेणारा लेप अंगाला द्यावयाचा, बाँब व क्षेपणास्त्रे पोटात दडवावयाची आणि इंजिनाचे तोंड नागमोडी वायुमार्गामागे लपवावयाचे, अशी ही विद्या आहे. तिच्या मुळाशी असलेले गणित मात्र मोठे निष्ठुर आहे. विमानावरून परतणारा प्रतिध्वनी आणि ते विमान रडारला दिसू लागण्याचे अंतर यांचा संबंध चतुर्थमूळाचा असल्यामुळे ते अंतर निम्मे करावयाचे तर प्रतिध्वनी सोळापट क्षीण करावा लागतो, आणि एकदशांशावर आणावयाचे तर दहा हजारपट. ज्याचा खजिना मर्यादित आहे त्याने या वाटेवर कोठे थांबावयाचे हे पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच ठरविले पाहिजे, कारण ही वाट आपण होऊन कोणाला थांबवीत नाही.

आता धर्माचे पाहू. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला कूट आयुधे आणि विषाने माखलेले बाण वर्ज्य सांगितले आहेत, आणि तेवढ्यावरच निवाडा करावयाचा म्हटले तर हे विमान पहिल्याच फेरीत अपात्र ठरेल. पण युद्धकांड वाचणाऱ्याला इतकी घाई करता येत नाही. मायेने झाकून घेऊन आकाशातून शरवर्षाव करणारा इंद्रजित हा आपल्या वाङ्मयातला या विद्येचा पहिला अधिकारी पुरुष. त्याच्या न दिसणाऱ्या बाणांनी विद्ध होऊन संतापलेला लक्ष्मण ब्रह्मास्त्राने समस्त राक्षसकुळाचाच निःपात करावयास निघतो, तेव्हा राम त्याला आवरतो आणि बजावतो की एकाच्या अपराधासाठी सर्वांना मारणे योग्य नव्हे. जो लढत नाही, जो दडून बसला आहे, जो हात जोडून शरण आला आहे, जो पळतो आहे, त्याच्यावर शस्त्र धरू नये. इंद्रजिताच्या लपण्याचा धिक्कार करावयास रामाला याहून चांगली संधी मिळाली नसती. तरीही त्या क्षणी त्याच्या चिंतेचा विषय झाला तो लक्ष्मणाच्या अस्त्राचा आवाका. वालीच्या प्रसंगी रामाने जी उत्तरे दिली ती मला लहानपणापासून पुरती पटलेली नाहीत, हे येथे सांगून टाकतो. मात्र लक्ष्मणाला त्याने जे सांगितले त्यात शस्त्राच्या नीतीचे खरे माप आहे असे मी मानतो. जे विमान उशिरा दिसते पण शत्रूच्या तोफखान्यावरच नेमके पडते, ते लांबून दिसणाऱ्या आणि वस्तीवर अंदाधुंद बाँब टाकणाऱ्या विमानापेक्षा अधिक अधर्म्य कसे ठरावे, हे मला तरी उमगत नाही.

कौटिल्य या बाबतीत अधिक रोखठोक. ज्याचे बळ अधिक, ज्याने शत्रूच्या गोटात फितुरी साधली आहे आणि भूमी व ऋतू ज्याला अनुकूल आहेत, त्याने प्रकाशयुद्ध करावे. तसे नसेल तर कूटयुद्ध. म्हणजे लपणे हे दुर्बलाचे साधन. महाराष्ट्राला हे अर्थशास्त्रातून शिकावे लागले नाही. गनिमी काव्याला सह्याद्रीच्या खिंडी, पावसाळ्याचे धुके आणि अमावास्येची रात्र लागत असे, आणि यांपैकी कशावरही कोणा मक्तेदाराची मालकी नव्हती. थोड्या फौजेला आणि रिकाम्या खजिन्याला लपणे हेच काय ते परवडत होते. आमच्या काळात हा क्रम पार उलटा झाला आहे. लपणे ही आता सर्वांत धनाढ्य राष्ट्रांची चैन झाली असून, दिसत राहणे गरिबाच्या वाट्याला आले आहे. आणि धनाढ्यांनाही ती पेलत नाही याची साक्ष त्यांचीच दप्तरे देतात: अमेरिकेने बी-२ जातीची १३२ बाँबफेकी विमाने घ्यावयाचे योजिले आणि २१ वर हात आखडला; एफ-२२ मूळ संकल्पाप्रमाणे ७५० व्हावयाची होती, ती सेवेसाठी १८७ झाली. संख्या घटली की संशोधनाचा सारा खर्च उरलेल्या थोड्या विमानांच्या माथी बसतो, त्यामुळे प्रत्येकाची किंमत चढते, आणि किंमत चढली म्हणून संख्या आणखी घटवावी लागते. मार्च १९९९ मध्ये सर्बियाच्या एका तुकडीने १९६० च्या दशकातल्या जुनाट सोव्हिएत क्षेपणास्त्राने एफ-११७ हे त्या काळचे नाणावलेले ‘अदृश्य’ विमान पाडले, तेव्हा गनिमी कावा जमिनीवर कोण खेळत होते आणि आकाशात कोण, हे विचारण्यासारखे आहे.

तर मग मर्यादित साधनांच्या राज्याने हे शस्त्र करूच नये काय? अहिंसावादी सज्जन करू नये म्हणतील. त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु रयतेचे रक्षण ज्याने अंगावर घेतले त्याला त्यांचे उत्तर स्वीकारता येत नाही. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर असताना सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या, आणि चीनने आपल्या जे-२० या विमानाचे पहिले उड्डाण २०११ सालीच केले होते, ही वस्तुस्थिती आहे. एका विमानाच्या पैशात किती शाळा झाल्या असत्या, हा हिशेबही मला फसवा वाटतो, कारण वाचलेला पैसा शाळेकडेच वळेल अशी हमी कोणत्याही अंदाजपत्रकाने आजवर दिलेली नाही. प्रश्न करावे की न करावे हा नसून, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या वचनावर करावे हा आहे. आणि त्याचे उत्तर देणारा ग्रंथ मराठीत आहे.

इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे, ते त्या काळच्या सर्वांत खर्चिक आणि सर्वांत परदेशी विद्येसंबंधीचे आहे, हे आपण विसरतो. समोर टोपीकर होते, त्यांची जहाजे थोर होती, तोफा उत्तम होत्या, आणि त्यांच्या बरोबरीला यावे असा मोह होणे स्वाभाविक होते. तेथे अमात्य गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम रीतीने सजवाव्या असे सांगतात. पुढे लाकडाचा विषय निघतो. सागवान सरकारी रानातून परवानगीने तोडावे. आंबा आणि फणस आरमाराच्या कामी उपयोगी खरे, पण रयतेने ती झाडे पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात, सबब त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. जबरदस्ती सर्वथा करू नये. राज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न असतानाही ज्याला फणसाच्या मालकाचा संतोष आठवतो, त्याला राजधर्म कळला होता असे म्हणावयास हरकत नाही.

आजचा रयतेचा फणस म्हणजे तिचा कर, आणि तिचा संतोष घेण्याचे साधन म्हणजे खरा अंदाज. येथे आपली परंपरा चांगली नाही. हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे पुढे ‘तेजस’ झालेल्या प्रकल्पाचा, संकल्प १९८३ साली ५६० कोटी रुपयांच्या मंजुरीने सुटला. पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले, पहिली स्क्वाड्रन जुलै २०१६ मध्ये उभी राहिली, आणि दरम्यान मंजुरीचे आकडे पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊन मूळ रकमेच्या कित्येक पटींवर गेले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालात त्याच्या पहिल्या आवृत्तीतील ५३ उणिवा मोजून दाखविल्या होत्या. या दिरंगाईबद्दल आमच्या शास्त्रज्ञांची कुचेष्टा करणाऱ्यांत मी नाही. ज्या देशाने १९६१ साली ‘मरुत’ हे जेट विमान उडवून पुढे त्या विद्येची मशागतच सोडून दिली, त्याला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागणारच होते. दोष विलंबाचा नाही. मंजुरी पदरात पडावी म्हणून खर्च कमी आणि मुदत आखूड सांगण्याची जी रीत जगभरच्या सर्व शस्त्रखात्यांनी अंगीकारली आहे, तिच्यात धर्मदृष्ट्या असत्य आहे. कारण ऐकणारा त्या आकड्यावर विसंबून दुसरे काहीतरी सोडून देत असतो, आणि काय सोडले हे त्याला दहा वर्षांनी कळते.

बोरीवलीच्या उद्यानातून डोंगर चढून गेले की कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी लागतात, आणि तेथील भिंतींवर हिशेब कोरलेले आहेत. कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी अशा नाना लोकांनी कोणी लेणे खोदविले, कोणी पाण्याची पोढी दिली, कोणी शेत लावून दिले, याची नोंद दात्याच्या नावागावासह आहे. एका लेखात ज्या गावाचे शेत संघाला दिल्याचे म्हटले आहे ते मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे असे अभ्यासक मानतात. तेथे आता बसचे आगार आणि मेट्रोचे स्थानक आहे. अक्षयनीवी म्हणून ठेव ठेवावयाची, मुद्दलास हात लावावयाचा नाही आणि व्याजातून भिक्षूंची चीवरे पुरवावयाची, अशीही तरतूद आढळते. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी गौड देशाच्या एका उपासकाने शंभर द्रम्म दिल्याचा लेख आजही वाचता येतो. संसाराचा त्याग केलेल्यांची ही मिळकत. ज्यांनी सर्व दृश्य जग असार मानले, त्यांनी जमाखर्च मात्र दगडावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला, यात मला विसंगती दिसत नाही. दुसऱ्याच्या घामाचा पैसा घेणाऱ्याला वैराग्यातही ही सूट मिळत नाही, इतकेच.

आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात ३६ राफेल विमानांच्या किमतीचे आकडे संरक्षण मंत्रालयाच्या आग्रहावरून झाकलेले होते. किंमत उघड केली तर विमानावर कोणती सामग्री बसविली आहे याचा अंदाज शत्रूला येईल, हा सरकारचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नव्हता. एखाद्या उपकरणाच्या भावावरून त्याची जात ओळखणारे कारभारी सर्वच देशांत असतात. तथापि अदृश्यतेचा लेप विमानाच्या अंगावरून कागदाच्या अंगावर कसा उतरतो, हे त्या दिवशी दिसले. रडारपासून लपणे आणि रयतेपासून लपणे यांत जी सीमारेषा आहे ती आखण्याचे काम ज्याच्याकडे सोपवावे, तोच पक्षकार असतो, ही खरी अडचण आहे.

नव्या विमानाच्या बाबतीत हा मोह वाढणार आहे. रशियाबरोबर असेच विमान भागीदारीत करण्याचा घाट २०१० मध्ये घातला, आराखड्यापोटी साडेएकोणतीस कोटी डॉलर दिले आणि २०१८ मध्ये आपण त्यातून बाहेर पडलो. त्या पैशात नेमके काय शिकलो याचा ताळेबंद सामान्य नागरिकाला कधी पाहावयास मिळाला नाही. ओझरच्या ज्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग जुळवले गेले, तेथून ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकचे पहिले तेजस मार्क-१ए उडाले, ही आनंदाची गोष्ट. पण त्या विमानांच्या सुपूर्तीची मुदत टळून गेली होती, आणि तिचे एक मुख्य कारण अमेरिकेहून यावयाची इंजिने हे होते. ॲम्काच्या आरंभीच्या विमानांतही अमेरिकन इंजिनच बसणार आहे. ज्याचे हृदय दुसऱ्याच्या कोठारात आहे त्याने लपण्यावर किती खर्चावे, या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. इंजिनाला प्रथम आणि कातडीला नंतर द्रव्य द्यावे असे माझे मत आहे, आणि तज्ज्ञांना ते भाबडे वाटण्याचा संभव मला मान्य आहे.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद होती. त्यातले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, आणि नव्या सामग्रीसह सारा भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटींचा. याच भांडवली हिश्श्यातून पाणबुड्या, तोफा आणि हे विमान निघावयाचे आहे. तेव्हा दरसाल संसदेत एका पानावर चार गोष्टी ठेवाव्यात: मूळ मंजुरी किती होती, आजवर खर्च किती झाला, आद्यनमुन्याची मुदत कोणती होती व आता कोणती आहे, आणि किती विमानांखाली संख्या उतरली तर हा उद्योग थांबवावयाचा. शेवटचा आकडा सर्वांत कठीण, कारण तो लिहिताना आपल्या महत्त्वाकांक्षेची मध्यम रीत ठरवावी लागते. लेपाचे रसायन, पृष्ठभागांचे कोन, पोटातल्या क्षेपणास्त्रांचा पल्ला, यांतले अक्षरही त्या पानावर येण्याची गरज नाही.