डोल्गॉखचा बॉयलर आणि नागसेनाचा रथ

वेल्समधील टॅलिलिन ही सव्वादोन फूट मापाची रेल्वे 1865 च्या कायद्याने उभी राहिली ती डोंगरातील खाणीचा पाटीचा दगड टाविन गावापर्यंत आणण्यासाठी. पुढे खाण बंद पडली, 1950 मध्ये मालक सर हेन्री हेडन जोन्स निवर्तले, आणि 1951 मध्ये लेखक टॉम रोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालवायला घेतली. त्या पहिल्या हंगामाचा मुख्य भार वाहणारे डोल्गॉख हे 1866 चे वाफेचे इंजिन नंतर दुरुस्तीला गेले आणि 1963 मध्ये नवा बॉयलर घेऊन रुळांवर परतले. मग ते जुनेच इंजिन म्हणावे काय?

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांत राहूनही त्यांहून वेगळी असलेली अखंड वस्तू, एक अवयव गळताच नाश पावते आणि उरलेल्या अवयवांतून दुसरी उत्पन्न होते. ‘हे तेच’ ही प्रतीती केवळ सादृश्यामुळे होते. हे मत तर्कशुद्ध असले तरी इंजिनाला फार कठोर ठरते, कारण झिजणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे: पाण्यातील क्षारांची खपली नळ्यांवर चढते, भट्टीच्या धगीने पत्रा पातळ होतो, आणि असा बॉयलर दाबाखाली फुटू शकतो. मूळ धातू जपायचा तर भट्टी कायमची विझवावी लागते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की चाक, आस वा दांडा यांपैकी काहीही रथ नव्हे, आणि ते सारे वगळूनही रथ उरत नाही. त्याच ग्रंथातील दृष्टान्तात रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत तीच नसते आणि दुसरीही नसते. क्षणाक्षणाला नवी पेटणाऱ्या ज्योतीच्या अशा अखंड कार्यकारणप्रवाहाला बौद्ध परंपरा संतान म्हणते. इंजिनाच्या संतानात लोखंडाबरोबर भट्टी पेटवण्याचे, वाफेचा दाब राखण्याचे हातांतले ज्ञानही येते, आणि ते काचेआड टिकत नाही. मात्र काढून टाकलेला जुना पत्राही साक्षीदार असतो. त्यावरील रिवेटांच्या ओळी जुन्या कारागिरीविषयी जे सांगतात ते नवा बॉयलर सांगू शकत नाही, म्हणून त्याची नोंद न ठेवता तो भंगारात घालणे हा अपराधच होय. एवढे पथ्य पाळून त्याच मार्गावर, त्याच कामासाठी धावणारे डोल्गॉख हे 1866 चेच इंजिन मानले पाहिजे.