चित्र नीट पाहिलंत का?

बसा. पुस्तकं मिटा. आज धडा होणार नाही. मागच्या बाकावरच्यांनी खिडकीबाहेर बघू नका. जे बोलणार आहे ते तुमच्याबद्दलच आहे.

परवा रात्री तुमच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र आलं. एका पालकांनी मला दाखवलं. लाल ठळक अक्षरांत ओळ होती : ‘ज्याचं तोंड झाकलेलं, त्याच्या मनात काळंबेरं! देशभर बंदी घाला!’ पटावर तुम्ही 54 जण. त्या ओळीखाली अंगठे 31. त्यात या वर्गाचा पहिला नंबरही आहे, म्हणून मला राग जास्त आला.

आता मला सांगा, ते चित्र नीट कोणी पाहिलं? हात वर करा. कोणीच नाही? मी पाहिलं. मोठं करून पाहिलं. त्यातल्या मुलीचं कपाळ दिसतं, नाक दिसतं, हनुवटी दिसते, गालावरचा तीळसुद्धा दिसतो. डोक्याला रुमाल आहे. तोंड उघडं आहे! ओळ म्हणते तोंड झाकलंय, चित्र म्हणतं उघडं आहे, आणि 31 शहाण्यांना त्यात काही खटकलं नाही. गणितात चिन्ह चुकलं तर भांडत माझ्या टेबलापर्यंत येता ना? तेव्हाची नजर इथे कुठे गेली होती?

हिजाब केस आणि मान झाकतो. नकाब डोळे सोडून चेहरा झाकतो. बुरखा हा अंगभर झगा. त्यावर चेहऱ्याचा पडदा कोणी घेतं, कोणी घेत नाही. तीन शब्द, तीन वस्तू. कर्नाटकात 2022 साली वाद झाला तो वर्गातल्या हिजाबचा. 15 मार्चला उच्च न्यायालयाने तिथल्या सरकारचा मनाईचा आदेश कायम ठेवला. 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. दोन्ही बाजू ऐकून, कागद वाचूनही त्यांचं एकमत झालं नाही. तुमचं मात्र दहा सेकंदांत झालं.

त्या संदेशावर दुहेरी बाण होता. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. निदान पाच हातांतून फिरून तो तुमच्यापर्यंत आला. पहिला हात कोणाचा, ठाऊक नाही. असा संदेश एका वेळी एकालाच पुढे पाठवता येतो. जरा थांबा, विचार करा, म्हणून ती अडचण मुद्दाम ठेवली आहे. तुमच्यातल्या काहींनी ती अडचण ओलांडून एकेकाला निवडून तो पाठवला. ही चिकाटी अभ्यासात का दिसत नाही?

आता त्या ओळीकडे येऊ. तोंड झाकलं की मनात काळंबेरं. बरं. सकाळी मी गेटवर उभी असते. स्कूटीवरून येणाऱ्या तुमच्याच मैत्रिणींचा स्कार्फ आणि गॉगल सोडून काही दिसत नाही. ऊन आहे, धूळ आहे, म्हणता. मान्य. चातुर्मासात आपल्या पेठेत स्थानकवासी साध्वी येतात. त्यांच्या तोंडावर मुहपत्ती असते, बोलताना सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये म्हणून. समोरच्या बांधकामावर घुंगट ओढून विटा वाहणारी राजस्थानी बाई आहे. तिच्या घुंगटामागे सासरची रीत आहे. आणि 8 एप्रिल 2020 पासून मुंबईत तोंड न झाकणं हाच गुन्हा झाला होता. पुढे विनामास्क माणसाकडून महापालिका 200 रुपये दंड घ्यायची. राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले ते 2022 च्या गुढीपाडव्याला. तेव्हा सगळा महाराष्ट्र मनात काळंबेरं घेऊन फिरत होता का?

कापड एकच, कारणं निराळी. शहाणा माणूस कारण विचारतो.

फ्रान्सचं नाव घेऊन कोणीतरी खाली लिहिलं होतं, ‘बघा, तिथे बंदी आहे.’ आहे. पण तिथला कायदा वाचलात? 2010 चा कायदा, 11 एप्रिल 2011 पासून लागू, दंड 150 युरोपर्यंत. त्यात धर्माचं नाव नाही. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकू नये एवढंच आहे, आणि प्रकृती, खेळ, सण-उत्सव असे अपवाद लिहून ठेवले आहेत. म्हणून मे 2020 मध्ये त्याच पॅरिसच्या मेट्रोत मास्क नसला तर 135 युरो दंड होऊ शकला. घोषणेला अपवाद नसतात, कायद्याला असावे लागतात.

आणि पुढचं ऐका. या बंदीविरुद्ध एक तरुणी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. 1 जुलै 2014 ला ती हरली, बंदी टिकली. पण कशावर टिकली? चेहरा झाकणाऱ्यांपासून धोका आहे, म्हणून सगळ्यांवर सरसकट बंदी, हे न्यायालयाने मानलं नाही. समाजात एकमेकांचे चेहरे दिसावेत, त्यावाचून एकत्र राहणं कठीण, एवढं कारण मानलं. तेही दोन न्यायाधीशांना पटलं नाही. म्हणजे ज्या बंदीच्या जोरावर तुम्ही उड्या मारता, ती टिकवणाऱ्या निकालानेच तुमची ओळ नाकारली आहे.

आता हसू नका, दुसऱ्या बाजूचे तुम्हीही उभे राहा. तुम्ही रागारागाने उलट टाकलंत, ‘माझा पेहराव, माझी मर्जी!’ ज्या मुलीला मर्जी विचारलीच जात नाही, तिचं काय? इराणात 1936 साली रझा शहाने बायकांची डोकी सक्तीने उघडी करायला लावली. 1979 च्या क्रांतीनंतर आलेल्या सरकारने तीच डोकी सक्तीने झाकायला लावली. 2022 मध्ये महसा अमीनी ही 22 वर्षांची मुलगी त्या सक्तीपायी पोलिसांच्या ताब्यात गेली आणि मेली. घोषणा दोन्ही वेळा होत्या. बाईला दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

म्हणजे पडद्याबद्दल बोलायचंच नाही का? बोला की! पण बोलावं कसं, ते हमीद दलवाईंकडून शिका. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस. 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. फक्त सात! तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. मागणी नेमकी होती आणि ज्यांचं आयुष्य पणाला लागलं होतं त्या स्वतः रस्त्यावर होत्या. पुढे 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. स्वतःच्या समाजाची बोलणी खात, आजारपण अंगावर काढत तो माणूस लढला. त्यांच्या त्या सात बायकांपुढे तुमच्या 31 अंगठ्यांची किंमत काय?

आणि ओळख पटवायचीच असेल, तर तो प्रश्न साधा आहे. मतदान केंद्रावर पडदा घेणाऱ्या बाईची ओळख महिला कर्मचारी आडोशाला पटवते. बोर्डाच्या परीक्षेला मी स्वतः एका मुलीला शेजारच्या खोलीत नेलं, नकाब वर करायला सांगितलं, हॉल तिकिटावरचा फोटो ताडून पाहिला. अर्धं मिनिट लागलं. ती पेपरला बसली.

आता शेवटचं. तुमच्या वर्गातली एक मुलगी गेटपर्यंत बुरखा घालून येते. जिन्याखाली तो काढते, नीट घडी करते आणि दप्तरात पुस्तकांच्या मागे ठेवते. जर्नल अपुरं राहिलं की तुम्ही तिचं मागून नेता. ती त्या गटावर आहे. अंगठा दाबताना तुमच्यापैकी एकालाही तिची आठवण झाली नाही. कालपासून तिचा बाक रिकामा आहे. तिच्याच मनात काळंबेरं आहे असं तुम्हाला वाटतं का? मग मान खाली का?

माफीचे मेसेज पाठवू नका. 31 जण मिळून चुकलात, 31 जण मिळून पुन्हा एकच ओळ चिकटवाल, तेही मला नको. वही काढा. ते चित्र ज्याच्या त्याने आठवून लिहायचं : त्यात काय दिसत होतं, वर काय लिहिलं होतं, आणि अंगठा दाबण्याआधी मी स्वतःला कोणता प्रश्न विचारायला हवा होता. शेजाऱ्याचं बघायचं नाही. वह्या मी घरी नेऊन वाचणार आहे.

आणि तिच्या शेजारी बसणारी, तू लिहू नकोस. तू आज बुडलेल्या तासांची टिपणं घेऊन तिच्या घरी जा. मी येते तुझ्याबरोबर.